किनाऱ्यावरच्या शाळेतील सामूहिक कलाप्रकल्प: वेशभूषेच्या नकाशाऐवजी गंजिफाचा संच

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील, किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत आपण कलाशिक्षिका आहात. सातवी आणि आठवीच्या मिळून सुमारे ७० मुलांमध्ये कुणबी, भंडारी, खारवी, बौद्ध, कोकणी मुसलमान आणि कातकरी घरांतील मुले आहेत; शिवाय बोटींवर आणि आंब्याच्या बागांत कामाला आलेल्या नेपाळी व कर्नाटकी कुटुंबांतील काही मुले आहेत. २६ जानेवारीसाठी ‘विविधतेत एकता’ या विषयावर सर्वांनी मिळून केलेले काम मुख्याध्यापकांना हवे आहे, आणि दर्शनी भिंतीवर भारताचा मोठा नकाशा काढून त्यावर राज्याराज्यांच्या वेशभूषेतील जोड्या रंगवाव्यात, अशी सूचना पुढे आली आहे. आपल्या हाती सहा आठवडे, प्रत्येक वर्गाच्या आठवड्याला दोन तासिका आणि मोजका निधी आहे. कोणाला दुखावणार नाही आणि खरोखर सर्वांचे असेल असे काम कोणते, हे आपण विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की नकाशा आणि वेशभूषा हा मार्ग घेऊ नये, आणि शक्य असल्यास भिंतही घेऊ नये. त्याऐवजी सावंतवाडीच्या गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या जुन्या खेळाच्या) धर्तीवर १२० गोल पत्त्यांचा एक संच मुलांकडून करून घ्यावा, ज्यातील चिन्हे मुलांच्या घरांत रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंची असतील. या निवडीमागची कारणे आणि प्रत्यक्ष कामाचा क्रम पुढे सविस्तर मांडतो.

वेशभूषेच्या चित्रांत मुले आपल्या गावाकडे पाहत नाहीत. ती गाईडमधील किंवा मोबाइलवरील चित्र उतरवून काढतात. फेटा बांधलेला पंजाबी आणि कसवू साडीतील केरळी स्त्री यांच्याशी आपल्या वर्गातील कोणाचाही संबंध नसतो, आणि ज्याच्याशी संबंध आहे तो मुलगा, म्हणजे हापूसच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातील मुलगा, त्या नकाशात कुठेच बसत नाही. आपल्या किनाऱ्याला विविधता शोधण्यासाठी राज्यांच्या सीमांपर्यंत जाण्याची गरजही नाही. रायगड जिल्ह्यात अलिबाग, नवगाव, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्रायली हा ज्यू समाज शतकानुशतके मराठी बोलत राहिला; शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले जाई, आणि त्यांच्या घरी एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा पोहे आणि नारळ यांचाच असतो. रेवदंड्यासमोरच्या कोर्लई गावात पोर्तुगीजांपासून घडलेली एक स्वतंत्र बोली आजही घरांत बोलली जाते. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकी वंशाचे होते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला, पुढे रत्नागिरीत ठेवला गेला, १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. हे सर्व एका दिवसाच्या एसटी प्रवासाच्या टप्प्यात आहे. मुलांना सुरुवातीच्या तासिकेत हे जरूर सांगावे. मात्र प्रकल्पाचा विषय म्हणून ते घेऊ नये, कारण मग मुले पुन्हा ऐकीव माहितीची चित्रे काढू लागतात.

दुसरा धोका याहून नाजूक आहे. ‘प्रत्येकाने आपापल्या समाजाची कला दाखवावी’ असे सांगितले की वर्गात जातीची आणि धर्माची हजेरीच घेतली जाते. काही मुलांना अशा प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते आणि त्यांना ते द्यायला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. कातकरी मुलीला ‘तुम्ही आदिवासी ना, मग तू वारली चित्र काढ’ असे सांगितले जाताना मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. वारली हा वेगळा समाज आहे. त्यांची चित्रे आजच्या पालघर जिल्ह्याच्या परिसरातली. लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि त्यासोबत धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, विधीची गाणी म्हणते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कातकरी घरातल्या मुलीचा त्या चौकाशी काही संबंध नाही. गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसे काढली की आदिवासी संस्कृती साजरी झाली, ही शाळाशाळांत रूढ झालेली समजूत आपण तरी पुढे नेऊ नये.

म्हणून समाजाऐवजी वस्तूपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो. नारळ, तांदूळ आणि मासळी हे या किनाऱ्यावरील जवळजवळ प्रत्येक घरात आहेत, परंतु त्यांना हाताळण्याच्या रीती घराघरांत वेगळ्या आहेत. वस्तूविषयी बोलताना मूल आपल्या घराविषयी आपणहून, हवे तेवढेच आणि अभिमानाने बोलते.

आता गंजिफाच का, ते सांगतो. हा खेळ इराणकडून भारतात आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात ८ रंग (म्हणजे एकाच चिन्हाच्या पत्त्यांचे गट) आणि ९६ पत्ते असत. आपल्याकडे त्याला विष्णूच्या दहा अवतारांचे रूप मिळाले आणि १० रंगांचा, प्रत्येक रंगात १२ पत्ते असलेला १२० पत्त्यांचा दशावतारी संच तयार झाला. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे पत्ते असतात. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी ही कला जोपासली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती लोप पावण्याच्या बेतात असताना तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उतारवयातील कारागिराकडून ती शिकून घेऊन राजवाड्यातच तिचे काम पुन्हा उभे केले. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर पत्ते रंगवताना पाहायला मिळतात. एका परदेशी खेळाने आपल्या मातीतील चिन्हे घेतली आणि तो इथला झाला, ही गोष्ट मुलांना लगेच समजते.

माझ्या दृष्टीने याहून मोठे कारण या वस्तूच्या रचनेत आहे. शाळांमधून होणाऱ्या सामूहिक कामांत बहुधा असे घडते की प्रत्येक मुलाला एक चौकोन दिला जातो, तो त्याने एकट्याने रंगवायचा असतो आणि शेवटी सत्तर चौकोन शेजारी-शेजारी चिकटवले जातात. त्यातील एखादा गळाला तरी कोणाला कळत नाही. पत्त्यांच्या संचाचे तसे नसते. एक पत्ता हरवला की डाव मांडता येत नाही. एकाचे चिन्ह दुसऱ्याच्या चिन्हापासून वेगळे दिसले नाही तर खेळणाऱ्यांचा गोंधळ उडतो. सत्तीवर सातच चिन्हे हवीत आणि ती दुरून मोजता आली पाहिजेत. मुलांना एकमेकांच्या कामाकडे पाहावे लागते, त्याविषयी बोलावे लागते, प्रसंगी ‘तुझी रोवळी माझ्या टोपलीसारखी दिसते, काहीतरी बदल’ असे सांगावे लागते. शिक्षकाने सहकार्याचा उपदेश करण्याची गरज पडत नाही.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात स्मरणचित्राने करावी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे मुलांना हा प्रकार परिचित असतोच. ‘तुमच्या घरात रोज कोणाच्या तरी हातात असते अशी एक वस्तू आठवून काढा, ती कोण वापरते आणि कशी धरते, तेही दाखवा’ एवढीच सूचना द्यावी. वस्तू घरून आणायला मुळीच सांगू नये. आणायला सांगितली की कोणाची पितळेची, कोणाची अॅल्युमिनियमची, कोणाची फुटकी, हे सर्वांसमोर येते आणि ज्याच्या झोपडीत मोजकीच भांडी आहेत ते मूल त्या दिवशी शाळेत येत नाही. आठवणीतून काढलेल्या चित्रात हा फरक राहत नाही. कागदाच्या मागे आडनावाऐवजी फक्त हजेरी क्रमांक लिहून घ्यावा. कोणाला घरातील वस्तू काढायची नसेल तर वाटेत, बंदरावर किंवा वाडीत पाहिलेली काढण्याची मोकळीक असावी.

अशा चित्रांत काय काय येते, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. विळी आणि खवणी हमखास येतात. तांदूळ धुण्याची रोवळी, सूप, शिरवाळे पाडण्याचा साचा, मासळीची पाटी, पाग, जाळे विणण्याची सुई, वजूचा तांब्या, आंबे उतरवायची घळ, कोयती, बागेतल्या राखणदाराची बॅटरी, भाकरी थापायची परात, घोंगडी, शिवणयंत्र हेही येते. प्रेशर कुकर आणि मोबाइलचा चार्जरही येतो, आणि तो नाकारू नये. एका शाळेत तीन मुलांनी जाळे विणण्याची सुई काढली होती. त्यांची चित्रे सारखी नव्हती, कारण एकाच्या घरी सुई बांबूची होती आणि दुसऱ्या दोघांकडे प्लास्टिकची. त्यांनी फळ्याजवळ उभे राहून वर्गाला दाखवले की सुईच्या पोटातील जिभेला दोरा कसा अडकवतात, सुई दर वेळी उलटी करून तो कसा भरत नेतात आणि जाळ्याचा डोळा सारख्या मापाचा यावा म्हणून डाव्या हातात लाकडाची चपटी पट्टी कशी धरतात. या तिघांपैकी एकाचे वडील परप्रांतातून खलाशी म्हणून आलेले होते आणि तो मुलगा एरवी वर्गात क्वचित बोलत असे. गाठ मारण्याची त्याची रीत इतर दोघांपेक्षा निराळी निघाली आणि पुढचा अर्धा तास मुले सुतळीवर दोन्ही गाठी मारून पाहत होती. पुढे त्या रंगाच्या पत्त्यांवर सुईसोबत जाळ्याची गाठ आली आणि दोन गटांनी दोन प्रकारच्या गाठी काढल्या. एका रंगाचे सर्व पत्ते तंतोतंत सारखे नसले तरी चालते. चिन्ह ओळखू आले पाहिजे.

सत्तर चित्रांतून दहा चिन्हे निवडणे हा या प्रकल्पातील सर्वांत कठीण टप्पा आहे आणि येथे माझा आग्रह असा आहे की मतदान घेऊ नये. मतदानात संख्येने जास्त असलेल्या घरांच्या वस्तू निवडून येतात आणि एकट्या मुलाची वस्तू पहिल्याच फेरीत बाद होते, म्हणजे ज्यासाठी प्रकल्प करायचा तोच हेतू फसतो. निवड संकल्पचित्राच्या कसोट्यांवर करावी आणि त्या कसोट्या मुलांसमोर फळ्यावर लिहाव्यात: वस्तूची बाह्याकृती काळ्या ठशात ओळखू येते का, ती लहान आकारात दहा वेळा बसते का, दुसऱ्या एखाद्या चिन्हाशी तिची गल्लत होते का. सगळी चित्रे जमिनीवर मांडून, मुलांनी फिरत फिरत पाहावीत आणि कारणासह बोलावे. याशिवाय दहापैकी तीन जागा अशा वस्तूंसाठी आधीच राखून ठेवाव्यात, ज्या फक्त एकाच चित्रात आलेल्या आहेत. ही अट निवडीच्या आधी जाहीर केली म्हणजे ती कोणावर उपकार केल्यासारखी वाटत नाही.

राजा आणि प्रधान यांचा प्रश्न येथे येतोच. मूळ संचात राजाच्या पत्त्यावर अवतार असतो. आपल्या संचात कोणतेही दैवत आणू नये, आणि माणसाचा चेहराही नसलेला बरा. काही मुसलमान घरांत सजीवांची चित्रे काढणे मुलांसाठी योग्य मानले जात नाही. त्या मुलांना वेगळे बसवण्यापेक्षा सर्वांसाठीच असा नियम ठेवावा की ज्यात कोणाचीच अडचण होणार नाही. मी वापरत आलेली योजना अशी आहे की प्रधानाच्या पत्त्यावर ती वस्तू वापरणारा हात काढावा आणि राजाच्या पत्त्यावर ती वस्तू जिथे वापरली जाते ती जागा काढावी, म्हणजे सुईसाठी बंदर, सुपासाठी खळे, परातीसाठी चूल. सजीवाच्या चित्राला ज्यांच्या घरी हरकत आहे, त्या मुलांना हाताऐवजी जागेचे पत्ते द्यावेत. हात काढताना मुलांनी आपल्या शेजाऱ्याचा हात समोर ठेवून काढावा. मुक्तहस्त रेखाटनाचा हा उत्तम सराव आहे, आणि शेजाऱ्याच्या बोटांवरचे व्रण, मेंदी, जाळ्याच्या दोरीने पडलेले घट्टे हे सगळे त्यात येते.

साहित्याविषयी आता नेमके लिहितो. पारंपरिक पत्ते बहुधा लहान असतात, पण मुलांच्या हातासाठी ९ सेंटिमीटर व्यासाचा पत्ता सोयीचा पडतो. ५६ बाय ७१ सेंटिमीटरच्या कार्डशीटवर १० सेंटिमीटरचे चौकोन आखले की एका शीटमधून ३५ वर्तुळे निघतात; चार शीटमधून १४० निघतात, म्हणजे १२० पत्ते होऊन बिघडणाऱ्यांसाठी २० शिल्लक राहतात. पत्ता ताठ राहण्यासाठी तीन थर चिकटवावेत, म्हणजे एकूण १२ शीट लागतील. जुने कारागीर थरांसाठी चिंचोक्याची खळ वापरत; ती करून दाखवायला फार सोपी आहे आणि मुलांना आवडते, परंतु आपल्या दमट हवेत तिला बुरशी आणि कसर लवकर लागते, म्हणून प्रत्यक्ष संचासाठी फेव्हिकॉलच वापरावे. चिकटवलेले पत्ते रात्रभर विटांच्या किंवा जाड पुस्तकांच्या भाराखाली ठेवावेत. नाहीतर ते पापडासारखे वळतात. कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिक प्रायमरचा एक हात, मग रंगाची जमीन (पार्श्वभूमी), मग चिन्ह, शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक वॉर्निशचे दोन हात द्यावेत. पोस्टर कलर वापरणार असाल तर वॉर्निश ब्रशने घासून लावू नये. खालचा रंग उठून पसरतो. बेताचे अॅक्रिलिक रंग थोडे महाग पडले तरी या कामाला तेच घ्यावेत, असे मी म्हणेन.

गंजिफात प्रत्येक रंगाच्या पत्त्यांची जमीन वेगळ्या रंगाची असते, आणि सर्व पत्त्यांची पाठ मात्र एकसारखी असते. दहा जमिनी ठरवताना मुलांना आवारातलेच रंग शोधायला लावावेत: जांभ्याचा तांबडा, भाताच्या रोपाचा पोपटी, कोकमाचा जांभळा, ओल्या वाळूचा करडा. मात्र दहा छटा एकमेकींपासून संध्याकाळच्या उजेडातही वेगळ्या दिसतात की नाही, हे एकदा वर्गाची खिडकी लावून तपासून घ्यावे. हिरवा आणि निळा यांची गफलत सर्वांत जास्त होते.

आता गटांची रचना. सात मुलांचा एक गट आणि एका गटाकडे एक रंग, असे दहा गट होतात. ज्या घरातून वस्तू आली त्या मुलाला त्याच वस्तूच्या गटात ठेवावे, म्हणजे विचारायला कोणीतरी जवळ असते. मात्र गटातील बाकीची सहा मुले वेगवेगळ्या वाड्यांतील आणि दोन्ही वर्गांतील असावीत. पत्ता एकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू नये. एकाने जमीन द्यावी, दुसऱ्याने पेन्सिलने मांडणी करावी, तिसऱ्याने चिन्ह भरावे, चौथ्याने बारीक ब्रशने बाह्यरेषा काढावी आणि दर आठवड्याला कामे फिरवावीत. ज्याचा हात थरथरतो त्याला जमीन आणि कडा, ज्याला रेषा साधते त्याला बाह्यरेषा, असे कायमचे वाटप करण्याचा मोह होतो, कारण त्याने संच देखणा होतो. तो मोह टाळावा. काही पत्ते कच्चे दिसतील, आणि पाहुण्यांसमोर ते लपवू नयेत.

वेळेचे गणित असे बसते: बारा तासिकांपैकी दोन स्मरणचित्र आणि चर्चेत, दोन निवड व मांडणीत, एक कापण्या-चिकटवण्यात, पाच रंगकामात, एक वॉर्निशला आणि एक खेळायला. रंगकामाला याहून कमी देऊ नयेत. दरम्यान जमल्यास एखादा पालक बोलवावा, भाषणासाठी नव्हे, तर वस्तू वापरून दाखवण्यासाठी. खवणीवर नारळ खवणारी आई किंवा सुपाने पाखडणारी आजी वर्गात आली की चित्रातील चुका मुले स्वतःच दुरुस्त करतात. एखादा व्यावसायिक कारागीर बोलावलात तर त्याला प्रवासखर्च आणि मानधन द्यावे; शाल-श्रीफळावर त्याची दिवसाची मजुरी भागत नाही. संचाच्या डबीवर ‘सावंतवाडी गंजिफा’ असे लिहू नये. ती त्या कारागिरांची ओळख आहे. आपण ‘गंजिफाच्या पद्धतीवरून विद्यार्थ्यांनी केलेला संच’ असे लिहावे.

भिंत का नको, हेही सांगितले पाहिजे, कारण मुख्याध्यापकांना ते पटवून द्यावे लागेल. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून वाऱ्यासह भिंतीवर झोडपतो. जांभ्याचा दगड सच्छिद्र असतो. ओल आतून येते, खारी हवा गिलाव्याला मीठ फोडते आणि ऑगस्टपर्यंत शेवाळ चढते. बाहेरच्या भिंतीवर टिकाऊ काम करायचे तर जुना रंग खरवडणे, शेवाळनाशक, बाहेरचा प्रायमर, बाहेरचे इमल्शन आणि परांचीची सोय हे सर्व लागते, आणि शिडीवर चढणाऱ्या मुलांची जबाबदारी वेगळीच. शिवाय भिंतीवर एका वेळी सहा-सात मुलेच काम करू शकतात. बाकीची साठ पाहत बसतात.

तरीही प्रजासत्ताकदिनी दुरून दिसणारे काहीतरी हवे, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी ८ बाय ४ फुटांच्या एका प्लायच्या पट्ट्यातून दीड फूट व्यासाची दहा वर्तुळे निघतात, पाच-पाचच्या दोन ओळींत. प्लाय पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा घ्यावा, कडांना प्रायमरचे दोन हात द्यावेत, आणि दहा रंगांचे दहा एक्के मोठ्या आकारात रंगवून व्हरांड्याच्या आतल्या भिंतीवर टांगावेत. कापण्याचे काम सुताराकडे द्यावे. पावसाळ्यापूर्वी ती काढून वर्गात नेता येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतात.

उद्घाटनाच्या दिवशी पत्ते काचेखाली मांडून ठेवू नयेत. पालकांना खेळायला बसवावे. नियम सोपे करून घ्यावेत: जो रंग उतरला त्याच रंगाचे पान टाकायचे, मोठे पान हात घेते, हुकूम असा प्रकार गंजिफात नाही. एक मूळ नियम मात्र अवश्य ठेवावा. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी सर्वांत मोठी आणि एक्का सर्वांत लहान असतो, आणि उरलेल्या निम्म्या रंगांत हा क्रम उलटा होऊन एक्का मोठा ठरतो. कोणते पाच रंग कोणत्या क्रमाने चालवायचे, हे मुलांनीच ठरवून पालकांना शिकवावे. ओटीवर बसलेल्या आजोबांना सातवीची मुलगी नियम समजावून सांगते आहे, यापेक्षा चांगले प्रदर्शन शाळेला मिळणार नाही.

संचासोबत एक वही ठेवावी, ज्यात प्रत्येक चिन्हाला एक पान असेल. त्यावर ती वस्तू कशी वापरतात याची पाच-सहा वाक्ये मुलांनी लिहावीत आणि तिची घरोघरची नावे द्यावीत: संगमेश्वरी, कोकणी मुसलमानांच्या घरातील, कातकरी, कन्नड, नेपाळी, जी जी वर्गात असतील ती सर्व देवनागरीत. गुण द्यायचेच झाले तर ते या वहीवर आणि गटाने ठेवलेल्या कच्च्या आराखड्यांवर द्यावेत, पत्त्याच्या सफाईवर देऊ नयेत.

कोणा पालकाने हरकत घेतली, तर वस्तूंची यादी त्यांच्यासमोर ठेवावी. विळी, सूप, सुई यांच्या यादीवर वाद होण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मात्र एखाद्या घराने आपली वस्तू संचात नको असे सांगितले, तर कारण न विचारता ती बदलावी. त्यासाठीच निवडीच्या वेळी अकरावे आणि बारावे चिन्ह तयार ठेवावे.

शेवटी जपणुकीविषयी. मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस येण्यापूर्वी, पत्ते एक दिवस सावलीत वाळवावेत, प्रत्येक रंगाच्या बारा पत्त्यांची स्वतंत्र पुडी करावी आणि सर्व पुड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. गणपतीच्या सुट्टीनंतर एकदा उघडून पाहावे. संच वापरात असताना पाने फाटणार, हरवणार. म्हणून उरलेली २० कोरी वर्तुळे आणि दहाही रंगांच्या जमिनींच्या लहान बाटल्या त्याच डब्यात ठेवाव्यात, आणि हरवलेले पान पुन्हा करण्याचे काम दर वर्षीच्या नव्या सातवीकडे द्यावे. ते पान करण्यापूर्वी त्या मुलांनी वही वाचून, शक्य असल्यास ज्या घरातून वस्तू आली त्या मोठ्या विद्यार्थ्याला भेटून यावे, एवढी अट मी घालतो.